दुःख भोगणारा देव

जुलै १९४३. हॅम्बुर्गवर रात्री ब्रिटिश आणि दिवसा अमेरिकी विमानं बॉम्ब टाकत होती. आल्स्टर तलावापाशी विमानविरोधी तोफांवर शाळकरी पोरं नेमली होती. सतरा वर्षांचा युर्गन मोल्टमान त्यांतलाच एक. एक बॉम्ब थेट त्यांच्या मचाणावर येऊन पडला. युर्गनच्या शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या चिंधड्या उडाल्या आणि युर्गन वाचला. त्या आठवडाभरात शहरात ३० हजारांहून जास्त माणसं गेली.

मोल्टमानांच्या घरी धर्माचं फारसं वातावरण नव्हतं. पोराला गणिताचं वेड, आइन्स्टाइनचं आकर्षण. त्या रात्री मात्र त्याने आयुष्यात पहिल्यांदा देवाला हाक मारली: तू आहेस तरी कुठे? पाठोपाठ दुसरा प्रश्न आला: तो गेला, मग मी का उरलो? या दोन प्रश्नांपासून विसाव्या शतकातलं एक अत्यंत प्रभावी ख्रिस्ती धर्मशास्त्र उभं राहिलं, याचं मला राहून राहून नवल वाटतं. गणित शिकायला निघालेल्या पोराने पुढची साठ-सत्तर वर्षं तेच दोन प्रश्न सोडले नाहीत.

१९४५ च्या फेब्रुवारीत त्याने ब्रिटिश सैनिकापुढे शरणागती पत्करली. आधी बेल्जियम, मग स्कॉटलंडमधली युद्धकैद्यांची छावणी. तिथल्या भिंतींवर एके दिवशी बेल्सेन आणि बूखेनवाल्डच्या छळछावण्यांचे फोटो लागले. आपण कोणासाठी लढलो हे कळल्यावर अनेकांची जगायची इच्छाच संपली. अशातच लष्करातल्या एका पाळकाने त्याच्या हातात बायबल ठेवलं. त्यापेक्षा चार सिगारेटी मिळाल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं होतं, हे मोल्टमानांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं आहे. पण संध्याकाळी तो वाचू लागला. आधी एकोणचाळिसावं स्तोत्र, मग मार्ककृत शुभवर्तमान. क्रूसावरचा येशू, देवाने आपल्याला का टाकलं, असा आक्रोश करतो, त्या ओळीपाशी तो थबकला. आपलं दुःख जाणणारा कुणीतरी इथे आहे, असं त्याला वाटलं.

पुढे इंग्लंडमधल्या नॉर्टन कॅम्पमध्ये त्याचं शिक्षण सुरू झालं. काटेरी तारांच्या आत धर्मशास्त्राचे वर्ग चालत आणि बाहेरून प्राध्यापक शिकवायला येत. १९४८ मध्ये सुटका, ग्योटिंगनला डॉक्टरेट, एलिझाबेथ वेंडेल यांच्याशी लग्न (त्या पुढे स्त्रीवादी धर्मशास्त्रज्ञ म्हणून नावाजल्या), ब्रेमेनजवळच्या शेतकऱ्यांच्या मंडळीत काही वर्षं पाळक, मग वुपरटाल, बॉन आणि १९६७ ते १९९४ ट्युबिंगन विद्यापीठ.

१९६४ मध्ये त्यांचं ‘आशेचं धर्मशास्त्र’ आलं. जगाच्या शेवटी काय होणार, हा विषय पाठ्यपुस्तकांत बहुधा अखेरच्या प्रकरणात ढकललेला असे. मोल्टमानांनी तो पहिल्या पानावर आणला. पुनरुत्थान म्हणजे देवाने दिलेलं वचन. ज्याचा त्या वचनावर विश्वास आहे, त्याला आजचा अन्याय ‘चालायचंच’ म्हणून सोडून देता येत नाही. म्हणजे आशा माणसाला निवांत करत नाही, अस्वस्थ करते. हा विचार मांडताना त्यांनी अर्न्स्ट ब्लोख या निरीश्वरवादी मार्क्सवादी तत्त्वज्ञाकडूनही मोकळ्या मनाने घेतलं.

एप्रिल १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात याच आशेवर परिषद चालू असताना बातमी आली, मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली. परिषद तिथेच आटोपली. आता क्रूसाबद्दल बोलल्याशिवाय गत्यंतर नाही, हे मोल्टमानांना उमगलं आणि १९७२ मध्ये ‘क्रूसावरचा देव’ प्रसिद्ध झालं. त्यातलं धाडस समजून घ्यायला हवं. देव परिपूर्ण आहे, म्हणून त्याला वेदना शिवत नाही, हे ग्रीक विचारातून आलेलं मत चर्चमध्ये शतकानुशतकं पक्कं होतं. मोल्टमान म्हणाले, ज्याला दुःखच होऊ शकत नाही त्याला प्रेमही करता येणार नाही. क्रूसावर पुत्र मरण सोसतो आणि पिता पुत्राचं मरण सोसतो. दोघांची वेदना वेगळी, पण ती देवाच्या आतली आहे. आउश्वित्झनंतर देवाबद्दल बोलायचं तर याच वाटेने, असं त्यांचं म्हणणं होतं.

१६ नोव्हेंबर १९८९ रोजी एल साल्वाडोरमध्ये सैनिकांनी विद्यापीठातल्या सहा जेझुइट धर्मगुरूंना, त्यांच्या स्वयंपाकिणीला आणि तिच्या मुलीला ठार केलं. एका धर्मगुरूचा मृतदेह त्यांनी त्यांचे सहकारी धर्मशास्त्रज्ञ होन सोब्रिनो यांच्या खोलीत ओढत नेला. सोब्रिनो परदेशी होते, म्हणून वाचले. खोलीतलं एक पुस्तक खाली पडून रक्तात भिजलं. ते ‘क्रूसावरचा देव’ होतं. पुढे मोल्टमान तिथे गेले तेव्हा त्यांनी ते काचेआड ठेवलेलं पाहिलं.

दुःख भोगणाऱ्या देवाच्या या विचारावर आक्षेप कमी आले नाहीत. पुत्राला मरणाच्या हवाली करणारा हा पिता क्रूर नाही का, असं धर्मशास्त्रज्ञ डोरोथे झ्योले यांनी विचारलं. कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ कार्ल रानर यांचं म्हणणं असं, की मी गाळात रुतलेला असताना देवही त्याच गाळात असेल तर माझा काय फायदा? रानर यांचा प्रश्न मला वजनदार वाटतो. पण मोल्टमान क्रूसापाशी थांबत नाहीत, त्यांच्याकडे क्रूस आणि पुनरुत्थान कधी सुटे होत नाहीत. जो सोबत रुततो तोच उद्या बाहेर काढील, हे त्यांचं वचनावरचं सगळं धर्मशास्त्र. २०१६ मध्ये एलिझाबेथ गेल्या. नव्वदी ओलांडलेल्या मोल्टमानांनी त्यानंतर मरण आणि पुनरुत्थान याच विषयावर आणखी एक छोटं पुस्तक लिहिलं. ३ जून २०२४ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी, ते ट्युबिंगनमध्ये वारले.