घरीच साखर तपासा, खर्च आटोक्यात ठेवा

बाबासाहेबांनाही शेवटच्या वर्षांत मधुमेहाने छळले होते. वाढलेली साखर दुखत नाही. हळूहळू डोळे, किडनी आणि पायाच्या नसा खराब करते. म्हणून त्रास नसला तरी साखर मोजावी.

मशीन घेण्याआधी पट्टीची किंमत विचारा, खरा खर्च पट्ट्यांचाच. जनऔषधी केंद्रातही चौकशी करा. गोळ्यांवर असलेल्या बहुतेकांना रोज तपासावे लागत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांना जास्त वेळा लागते. किती वेळा, हे डॉक्टरांना विचारा.

हात साबणाने धुऊन कोरडे करा, बोटाच्या कडेला टोचा. पट्टीची तारीख बघा, डबी घट्ट लावा. टोचायचे पेन व सुई ज्याची त्यानेच वापरावी.

साधारणपणे उपाशीपोटी 80 ते 130, जेवणानंतर 2 तासांनी 180 च्या आत साखर असावी. 70 च्या खाली गेली तर लगेच 3 चमचे साखर पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

आकडे तारखेसह वहीत लिहा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. वही घेऊन घाटंजीच्या ग्रामीण रुग्णालयात जा. मनाने गोळी बंद करू नका.