मुतखडा निघाला, मग थंडी वाजून ताप का येतो?

आजचा विषय आपल्या खानदेशात घरोघरी माहीत असलेला: मुतखडा. मे महिन्यात चोपड्याच्या उन्हात दिवसभर केळीच्या बागेत राबायचं, घाम गाळायचा आणि पाणी प्यायचं विसरायचं. लघवी घट्ट होणारच. पण आज खड्याबद्दल नाही, खडा काढल्यानंतर येणाऱ्या तापाबद्दल बोलू.

मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण माझ्या मामांचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं आणि घरी आल्यावर तिसऱ्या रात्री ते म्हणाले, "माले थंडी वाजस." दात वाजत होते. शेजारी म्हणाले, ऑपरेशननंतर कणकण असतेच, गोळी द्या. मामी ऐकल्या नाहीत, रात्रीच गाडी काढून जळगावला नेलं. चार दिवस आयसीयू. लघवीतला संसर्ग किडनीतून रक्तात गेला होता, म्हणजे सेप्सिस.

मला कोडं पडलं होतं की ऑपरेशनआधीचा युरिन कल्चर रिपोर्ट तर क्लीन होता! नंतर वाचल्यावर कळलं. जंतू खड्याच्या आतच दडून बसू शकतात. काही जंतू, उदाहरणार्थ प्रोटियस, स्वतःच खडा तयार व्हायला मदत करतात. लघवीच्या नमुन्यात ते दिसतीलच असं नाही. (टेस्ट पास आणि बग प्रॉडक्शनमध्ये, आमच्याकडे रोजचंच.) खडा फोडला की ते बाहेर पडतात. दुर्बिणीतून नीट दिसावं म्हणून आत पाणी सोडतात, त्याचा दाब वाढला तर जंतू आणि त्यांचं विष थेट रक्तात ढकललं जातं. म्हणून काही सर्जन खड्याचा तुकडाही कल्चरला पाठवतात. तुम्हीही विचारा, पाठवला का?

साधी कणकण अनेकांना येते. पण हुडहुडी भरून ताप, धाप, लघवी कमी होणं, बीपी उतरणं, माणूस असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. तुकडा अडकून लघवी तुंबली असेल तर नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, नळी टाकून ती मोकळी करावी लागते. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन आणि पहिला डोस सुरू होऊ शकतो, पण युरॉलॉजिस्टला फोन त्याच वेळी लावा.

आणि हो, आत ठेवलेली डीजे स्टेंटची नळी. ती काढायची तारीख डिस्चार्ज कार्डवर बघून मोबाईलमध्ये अलार्म लावा. कापूस वेचणीच्या घाईत ती महिनोन्महिने राहिली, तर तिच्यावरच क्षार चढतात आणि जंतू पुन्हा घर करतात.