मोटारघराच्या टायरांचें आयुष्य

अमेरिकेंत आणि युरोपांत नोकरीतून निवृत्त झालेलीं पुष्कळ जोडपीं आयुष्यभराच्या शिलकीतून मोटारघर विकत घेतात. निजण्याची खोली, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर असें सारें बिऱ्हाड चाकांवर घेऊन तीं उन्हाळ्यांत प्रवासास निघतात. या घराला पाया नसतो. मोठ्या मोटारघराचें वजन १० टनांच्याहि वर जातें, आणि तें सहा टायरांनीं पेलावयाचें असतें. प्रत्येक टायरचा जमिनीला टेकलेला भाग पाहिला, तर तो वहीच्या पानाएवढाच भरतो.

समजा, अशा एखाद्या जोडप्यानें ९ वर्षांचें जुनें मोटारघर पसंत केलें. टायर काळेभोर, नक्षी खोल. विकणारा म्हणतो, "टायर तर नव्यासारखे आहेत." त्याचें म्हणणें खोटें नसतें, परंतु दिसतें तसें नसतें, ही म्हण टायरांच्या बाबतींत फार खरी आहे.

मालमोटारीचा टायर रोज धांवतो आणि झिजून निकामी होतो. मोटारघर वर्षाकाठीं चार-पांच हजार मैल चालतें व उरलेले महिने उभेंच असतें. त्यामुळें त्याचा टायर झिजण्यापूर्वींच म्हातारा होतो. हवेंतील ऑक्सिजन रबराच्या आंत शिरून त्याचा लवचीकपणा नाहींसा करतो, आणि ओझोन वायु त्याच्या पृष्ठभागावर बारीक भेगा पाडतो. ऊन व उष्णता या कामाला हातभार लावतात. हें टाळण्यासाठीं कारखानदार रबरांत मेणासारखीं संरक्षक द्रव्यें मिसळतात. टायर फिरतांना दबतो व पुन्हां फुलतो. त्या हालचालीनें तीं द्रव्यें पृष्ठभागावर येतात. गाडी उभी राहिली कीं हें काम मंदावतें. म्हणजे विश्रांतीनें माणसाचें आयुष्य वाढत असलें, तरी टायरचें घटतें!

या गोष्टीची किंमत इंग्लंडनें मोजली आहे. सप्टेंबर २०१२ मध्यें सरे परगण्यांत एका प्रवासी बसचा पुढचा टायर फुटला, बस झाडावर आदळली आणि तिघांचे प्राण गेले. त्या टायरची नक्षी कायद्याच्या मापांत बसणारी होती. वय मात्र १९ वर्षांहून अधिक होतें. मृतांपैकीं एका तरुणाच्या आईनें नंतर अनेक वर्षें चळवळ केली. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून मालमोटारींच्या व बसगाड्यांच्या पुढील आंसावर १० वर्षांहून जुना टायर वापरण्यास ग्रेट ब्रिटनमध्यें बंदी झाली.

मग टायरचें वय ओळखावें कसें? ती जन्मपत्रिका टायरच्या बाजूवरच कोरलेली असते. 'डॉट' या अक्षरांनंतर येणाऱ्या ओळींतील शेवटचे चार आंकडे पाहावे. ते '२३१९' असे असतील, तर टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यांत तयार झाला. तीनच आंकडे असतील, तर तो २००० सालापूर्वींचा समजावा. हे आंकडे कधीं कधीं आंतल्या बाजूस असतात. तेव्हां गाडीखालीं वाकून पाहण्याचा आळस करूं नये. नवा टायर घेतांनाहि तो चाकावर चढविण्यापूर्वींच तारीख वाचावी. दुकानांत पडून राहिलेल्या टायरचें वयहि वाढतच असतें. जादा टायरला हाच नियम लागू आहे.

मिशेलिन कंपनीचा सल्ला असा कीं, ५ वर्षांच्या वापरानंतर दरवर्षीं जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि निर्मितीपासून १० वर्षें झालीं कीं टायर चांगला दिसत असला तरी बदलावा. कित्येक सावध मालक ७ व्या वर्षींच बदलतात. भेगा खोल असल्या, बाजू फुगली असली, तर वय मोजीत बसूं नये.

वयाखालोखाल शत्रु म्हणजे कमी हवा. हवा कमी असली कीं टायर अधिक दबतो, दबण्यानें तापतो, आणि तापलेला जुना टायर भर वेगांत फुटतो. किती हवा भरावी हें अंदाजानें ठरवूं नये. पाणी, सामान व माणसें यांसह गाडी कांट्यावर नेऊन प्रत्येक आंसाचें, शक्य तर प्रत्येक चाकाचें वजन करावें व कारखानदाराच्या कोष्टकांतून दाब काढावा. दाब सकाळीं, निघण्यापूर्वीं मोजावा. धांवून तापलेल्या टायरांतील वाढलेली हवा सोडूं नये. मागील जोडटायरांकडे विशेष लक्ष हवें. त्यांतील एकांतील हवा गेली तरी दुसरा त्याला उचलून धरतो, आणि बाहेरून कांहींच दिसत नाहीं. तेथें डोळ्यांवर विसंबूं नये; मापकच लावावें.

गाडी उभी ठेवतांना टायर धुवावे, त्यांवर उन्हापासून आच्छादन घालावें, आणि चाकांखालीं संपूर्ण टेकेल अशी रुंद फळी ठेवावी. चकाकी आणणारीं पेट्रोलजन्य तेलें लावूं नयेत. त्यांनीं संरक्षक द्रव्येंच निघून जातात.

त्या जोडप्यानें आंकडे वाचले आणि टायर गाडीइतकेच जुने निघाले, तर काय करावें? सहा टायरांना हजारों डॉलर पडतात, हें खरें. तेव्हां ती रक्कम गाडीच्या किंमतींतून वजा करून मागावी; आणि सगळे एकदम घेणें जमत नसेल, तर पुढचे दोन आधीं बदलावे, कारण पुढचा टायर फुटला कीं सुकाणू हातीं राहणें कठीण. मागच्यांची पाळी मात्र लवकर यावी, आणि तोंवर दूरचा प्रवास थांबवावा. सहल एक वर्ष पुढें गेली तरी चालते.