खा-खा सुटते ती संध्याकाळीच का?

वजन उतरवायचं ठरवलेली माणसं सकाळी क्वचितच घसरतात. नाश्त्याला मोजून दोन इडल्या होतात, दुपारच्या डब्यात दोन पोळ्या आणि भाजी. मग साडेपाच-सहाला वखवख सुरू होते. स्टेशनबाहेरचा वडापाव, घरातल्या डब्यातली शेव, मुलांच्या ताटात उरलेला घास आणि जेवणं झाल्यावर पुन्हा उघडलेला फ्रिज. दिवसभर पाळलेलं दोन-तीन तासांत वाया गेलं असं वाटतं, आणि त्या खंतीच्या भरात आणखी खाल्लं जातं. या वेळेबद्दल घराघरांत जे समज पक्के बसले आहेत, त्यांतले बरेच चुकीचे आहेत. अनेकांचा निश्चय मोडतो तो त्या समजांपायीच.

‘मनावर ताबा नाही, दुसरं काय!’

सर्वांत जास्त दुखावणारा समज हाच, आणि बहुतेकदा तो घरचीच माणसं बोलून दाखवतात. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी माणसांना १३ दिवस मंद उजेडात ठेवलं होतं. किती वाजले हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, आणि झोपेच्या व जेवणाच्या वेळा मुद्दाम सरकवत नेल्या होत्या. तरीही शरीरातल्या घड्याळाप्रमाणे भूक सकाळी आठच्या सुमाराला सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमाराला सर्वांत जास्त भरली. गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची ओढही त्याच वेळी वाढत होती. म्हणजे सकाळी उपाशी राहणं सोपं जातं आणि संध्याकाळी भेळ दिसली की पाय थांबतात, यात स्वभावापेक्षा शरीराच्या लयीचा वाटा मोठा आहे.

त्यात झोप कमी पडली तर भर पडते. शिकागोत १२ तरुणांवर झालेल्या २००४च्या अभ्यासात दोन रात्री फक्त चार तास झोपू दिल्यावर भूक भागल्याची खूण देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं. तुलना होती दहा तास अंथरुणात काढलेल्या रात्रींशी. अभ्यास लहान आहे, पण पहाटेची लोकल पकडून रात्री उशिरा झोपणाऱ्या कुणालाही त्यात आपली संध्याकाळ ओळखू येईल.

‘दुपारी कमी खाल्लं की वजन लवकर उतरतं’

संध्याकाळचं खाणं बिघडतं ते बहुधा सकाळी आणि दुपारी. माझ्या मते या साऱ्या विषयात एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ काम होईल. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ही माणसं स्वेच्छेने आलेली, निश्चयाची पक्की होती. तरी काही आठवड्यांत त्यांच्या डोक्यात खाण्याखेरीज काही उरलं नाही. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. उपाशी शरीर अन्नाचाच विचार करतं, आणि ते दाबायला सांगणं हा उपाय नव्हे.

आपला नेहमीचा डबा पाहा: दोन पोळ्या, बटाट्याची किंवा भेंडीची भाजी, कधी थोडा भात. पोट भरतं, पण प्रथिनं जेमतेमच. दुपारी एकला असं जेवून रात्री साडेनऊला पुन्हा ताट समोर आलं, तर मध्ये साडेआठ तास जातात. त्या डब्यात मटकीची किंवा मुगाची उसळ, घट्ट वरण, वाटीभर दही, चालत असेल तर अंडी आली आणि काकडी-गाजर आलं, तर सहा वाजताची भूक बरीच मवाळ होते. प्रथिनांनी आणि तंतूंनी पोट अधिक वेळ भरलेलं राहतं. इथे कंजूसपणा करू नये.

मग मधल्या वेळी खावं की नाही? महाराष्ट्रात हा वाद जोरात झाला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खायला सांगतात, तर डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगतात. दोन्ही बाजूंना वजन उतरलेली माणसं भेटतात. मला वाटतं, कसोटी आपल्या संध्याकाळचीच लावावी. दोनदा जेवून संध्याकाळ शांत जात असेल तर मधलं खाणं ओढून आणायची गरज नाही. सहाला हात थरथरेपर्यंत थांबून मग दोन वडापाव खाल्ले जात असतील, तर पाचला ठरवून खाल्लेले मूठभर फुटाणे आणि एक फळ कितीतरी बरे. फुटाण्यांच्या ३० ग्रॅममध्ये सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात.

‘सातनंतर खाल्लं की सगळं चरबीत जातं’

घड्याळात सात वाजले म्हणून पोळीचं काही बदलत नाही. ॲबरडीनमध्ये ३० जणांना काही आठवडे सकाळी भरपूर आणि रात्री थोडं, मग काही आठवडे उलट, पण एकूण तेवढंच अन्न दिलं गेलं. २०२२ साली आलेल्या निष्कर्षानुसार वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं. फरक पडला तो भुकेत. सकाळी जास्त खाल्लेल्या दिवसांत भूक कमी लागली. त्याच वर्षी बॉस्टनमधल्या १६ जणांच्या प्रयोगात जेवणं साधारण चार तास पुढे ढकलल्यावर भूक वाढली आणि ऊर्जेचा खर्च किंचित घटला. तेव्हा जमेल तेवढं लवकर जेवावं हे खरं, पण विरारला नऊ वाजता पोचणाऱ्या माणसाने ‘वेळ टळली’ म्हणून उपाशी झोपू नये. भाकरी, भाजी, वरण असं साधं जेवण नऊलाही चालतं. न जेवता झोपायला गेलेला माणूस अकराला बिस्किटांचा पुडा शोधतो.

‘गूळ, भाजका चिवडा, डायजेस्टिव्ह बिस्किटं चालतात’

गूळ आणि साखर यांच्या उष्मांकांत नगण्य फरक आहे. दोन्ही शंभर ग्रॅमला चारशेच्या आसपास. चिवडा भाजक्या पोह्यांचा असला तरी फोडणीचं तेल, शेंगदाणे आणि सुकं खोबरं त्यात असतंच. शेंगदाणे उत्तम अन्न आहे, मात्र ३० ग्रॅमला १७० उष्मांक होतात आणि टीव्हीपुढे बसून तेवढ्यावर कुणी थांबत नाही. यांतलं काही वर्ज्य नाही. पाकिटातून किंवा डब्यातून थेट न खाता वाटीत काढून घ्यावं, डबा पुन्हा कपाटात ठेवावा. डोळ्यांसमोर असलेलं अधिक खाल्लं जातं.

पाकीटबंद पदार्थांचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेत केविन हॉल यांनी २०१९ साली मांडलेल्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न हवं तेवढं खायला दिलं. अतिप्रक्रियेच्या अन्नावर ते रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होते, आणि कुणी आग्रह करत नव्हतं.

‘चहाने भूक मारता येते’

थोडा वेळ, हो. पण दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाची मर्यादा २५ ग्रॅम सांगितली आहे. शिवाय उशिराच्या चहा-कॉफीतलं कॅफिन झोपेत अडथळा आणतं, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवसाची भूक वाढते.

‘गोड खावंसं वाटतं, म्हणजे अंगात काहीतरी कमी आहे’

बहुतेक वेळा नाही. जेवणानंतर रोज काही गोड खाल्लं की त्या वेळेला जिभेला त्याची सवय लागते. माती, खडू किंवा बर्फ खावासा वाटणं मात्र लोहाच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. त्यासाठी रक्त तपासून घ्यावं.

मधुमेहींनी या सगळ्यात एक भेद कधीही विसरू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना संध्याकाळी अचानक भूक, घाम, थरथर, धडधड झाली तर ती वखवख नसून साखर उतरलेली असू शकते. तिथे संयम धोकादायक आहे. ग्लुकोमीटरवर ७०च्या खाली आकडा दिसला, किंवा यंत्र हाताशी नसलं, तरी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज लगेच घ्यावं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं आणि नंतर जेवावं. खाणं कमी केल्यावर औषधाचा डोस बदलावा लागू शकतो, म्हणून डाएट सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं.

आणि ज्यांना रात्री झोपेतून उठून खावं लागतं, खाल्ल्याशिवाय पुन्हा झोप लागत नाही, किंवा थांबताच येत नाही इतकं खाल्लं जातं, त्यांनी याला आहाराची चूक समजून एकट्याने झुंजू नये. रात्री खाण्याच्या या विकाराचं वर्णन ॲल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ सालीच केलं होतं. त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार आहेत, आणि ते लवकर सुरू केलेले बरे.