धसका अंगात मुरतो तेव्हा

पावसाळ्यात पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने निघालं की चौक गावाच्या आसपास इर्शाळगडाचा सुळका ढगांतून डोकं काढतो. भिजायला निघालेल्यांच्या गाड्यांची रांग असते, भुट्टे भाजले जात असतात. याच गडाच्या अंगावर ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. वर जायला गाडीरस्ता नव्हता. यंत्रं पायथ्याशीच राहिली आणि बचावपथकं चिखलातून चढून जाऊन हातांनी माती उपसत राहिली. शोधमोहीम थांबली तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. वाचलेल्यांना चौकजवळ आधी कंटेनरच्या घरांत आसरा मिळाला, पुढे पक्की घरं आली.

अशा प्रसंगातून वाचलेला माणूस सुरक्षित जागी येतो, पण पत्र्यावर सर वाजली की त्याच्या छातीचे ठोके वाढतात. घर मजबूत आहे हे त्याला माहीत असतं. मग घाबरतं ते कोण?

मराठीने याचं उत्तर कधीच देऊन ठेवलंय. भीती ‘वाटते’, पण धसका ‘घेतला’ जातो. छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, हातपाय गळतात, दातखीळ बसते. संकट टळलं की जीव भांड्यात पडतो. हे सगळं वर्णन शरीराचं आहे. मानसिक आघातावरचे शरीरकेंद्री उपचार याच वाटेने जातात.

मेंदूच्या आत बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. धोक्याची चाहूल लागताच तो भोंगा वाजवतो. अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात, नाडी धावते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं आणि पचनाचं काम मंदावतं. पोटातला गोळा आणि कोरडा घसा इथलेच. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये ‘लढा किंवा पळा’ अशा शब्दांत ही तयारी मांडली. पण ढिगाऱ्याखाली सापडलेल्याला लढता येत नाही की पळता येत नाही. तेव्हा तिसरी प्रतिक्रिया उरते, गोठून जाणं.

धोका सरला की बहुतेकांच्या शरीरात हा भोंगा हळूहळू बंद होतो. काहींच्या बाबतीत तो महिनोन्‌महिने वाजत राहतो. झोप उडते, दार आपटलं तरी दचकायला होतं, तीच दृश्यं परत परत दिसतात. अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या अधिकृत सूचीत या आजाराला १९८० मध्ये नाव मिळालं, आघातोत्तर तणाव विकार. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा वाचलेल्यांच्या मनाचा अभ्यास डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने झाला. रंगभूमीवरचे आगाशे सगळ्यांना ठाऊक आहेत. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून त्यांचं हे काम तितकंच मोलाचं.

आठवणीला स्थळ-काळाची चिठ्ठी लावण्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा मोठा वाटा असतो. अतितीव्र भीतीत हे काम नीट होत नाही, असं संशोधक मानतात. मग ओल्या मातीचा वास आला की शरीराला ते ‘तेव्हाचं’ न वाटता ‘आत्ताचं’ वाटतं. अशा वेळी ‘आता काही होणार नाही’ हे कितीही समजावलं तरी ते कानापर्यंतच पोचतं.

शरीराशी बोलण्याचा एक रस्ता मात्र उघडा असतो. व्हेगस ही मज्जातंतूंची जुडी मेंदूच्या बुडापासून निघून हृदय, फुप्फुसं आणि आतड्यांपर्यंत जाते. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू खालून वर, म्हणजे शरीराकडून मेंदूकडे निरोप नेतात. मनगटावर नाडी धरून श्वास अगदी सावकाश सोडून पाहा, ठोके किंचित मंदावतात. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी निरोगी माणसांवर एक प्रयोग केला. ख्रिस्ती जपमाळ आणि योगातला मंत्र या दोन्हींनी श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळली. पनवेलहून घाट चढून गेलं की लागणाऱ्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापलं आणि प्राणायामाला प्रयोगशाळेत आणलं. श्वासाचं हे शास्त्र आपल्याला परकं नाही.

उपचारात नेमकं काय करतात? अमेरिकेतल्या पीटर लेव्हिन यांनी रूढ केलेल्या ‘सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग’ पद्धतीत ती रात्र पहिल्यापासून सांगायला लावत नाहीत. पाय जमिनीला टेकलेत का, पाठीला खुर्चीचा आधार जाणवतोय का, इथून सुरुवात होते. मग आठवणीचा एखादाच कण, आणि त्याबरोबर अंगात काय होतंय याकडे लक्ष. खांदे आखडले की पुन्हा पाय, पुन्हा खुर्ची. थोडं भीतीकडे, थोडं आधाराकडे असं जाता-येता शरीर शिकतं की धडधड सुरू होते तशी थांबतेही.

योगावर आधारलेली पद्धतही अशीच सावध आहे. शिक्षक अंगाला हात लावत नाही, हुकूम सोडत नाही. ‘हवं असेल तर हात वर करून पाहा’ म्हणतो. आघातात माणसाच्या हाती काहीच उरलेलं नसतं, म्हणून इथे निवड त्याच्याकडे. नृत्याचीही अशीच मदत घेतली जाते. हार्बर मार्गावर गोवंडीला उतरलं की जवळच टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तिथे ‘कोलकाता संवेद’च्या साथीने नृत्य-चलन उपचाराचा अभ्यासक्रम चालवला गेला. मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींबरोबर ‘संवेद’ने नृत्यातून काम केलं आहे.

पुरावा किती, हेही पाहायला हवं. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इतर उपचारांनी बरं न वाटलेल्या ६४ स्त्रिया होत्या. दहा आठवड्यांनंतर योगगटातल्या ३१ पैकी १६ जणी विकाराच्या निकषांबाहेर आल्या, तुलनेच्या गटात २९ पैकी ६. लेव्हिन यांच्या पद्धतीचा इस्रायलमध्ये २०१७ मध्ये ६३ जणांवर अभ्यास झाला, निष्कर्ष आशादायक निघाले. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत अशा उपचारांनी अनेकांना बरं वाटल्याची नोंद आहे, पण तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता. नुसत्या काळानेही बरेच जण सावरतात. एकूण हे अभ्यास छोटे आहेत. व्हेगसच्या नावाने मांडले जाणारे काही लोकप्रिय सिद्धांतही वादात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या विकारासाठी शिफारस केली ती आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार आणि डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी ‘ईएमडीआर’ या पद्धतींची. शरीराचे उपचार त्यांच्या जोडीला बसतात, जागा घेत नाहीत. डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगितल्यावर काहींची भीती उलट वाढते, म्हणून दोन दिवसांचं शिबिर केलेल्या उत्साही माणसाच्या हाती धसका सोपवू नये.

मदत मागायची पहिली पायरी सोपी आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही ‘विसर आता’ म्हणणं आवरावं. विसरणं हे धसका घेतलेल्याच्या हातात नसतंच.

कोकणात पाऊस दरवर्षी येणार, पत्रे वाजणार, माती वास देणार. उपचाराला पावसाची आठवण पुसायची नसते. तो पाऊस त्या रात्रीचा होता आणि हा आजचा आहे, एवढी तारीख अंगाला लावता आली, की काही वर्षांपूर्वी अडकलेला जीव उशिरा का होईना, भांड्यात पडतो.