फुफ्फुसाचा कर्करोग : जनुकांच्या भाकितावर किती विसंबावे?

साध्यासाध्यता जाणल्यावाचून चिकित्सेस प्रवृत्त होऊ नये, ही शिकवण आपणा वैद्यांस नवी नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगात आधुनिक वैद्यकापुढेही हाच प्रश्न असतो. पहिल्या अवस्थेतील अर्बुद शस्त्रक्रियेने पूर्ण काढले, तरी काही रुग्णांत रोग पुन्हा उद्भवतो. असे रुग्ण आधीच ओळखता आले, तर केमोथेरपी त्यांनाच देता येईल आणि इतरांना तिचे उपद्रव सोसावे लागणार नाहीत.

यासाठी जनुकांच्या क्रियाशीलतेचा आधार घेतला जातो. कार्यरत जनुकापासून आरएनए तयार होते. काढलेल्या अर्बुदातील त्याचे प्रमाण मोजून गणिती सूत्राने रुग्णाचा धोका वर्तविला जातो. मात्र जनुके हजारो आणि रुग्ण मोजके असले, की निव्वळ योगायोगानेही सुसंगती दिसू शकते.

२००६ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ८९ रुग्णांच्या अर्बुदांवरून असे सूत्र प्रसिद्ध केले. कोणते औषध लागू पडेल, हे सांगणारी सूत्रेही या गटाने मांडली व त्यांच्या आधारे प्रत्यक्ष रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. एम. डी. अँडरसन केंद्रातील संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगरली व केविन कूम्ब्स यांनी औषधांविषयीची गणिते तपासली. जनुकांच्या याद्या एका ओळीने सरकलेल्या होत्या. औषधाला दाद देणाऱ्या व न देणाऱ्या नमुन्यांच्या नोंदी उलटल्या होत्या. २०१० मध्ये चाचण्या बंद झाल्या. २००६ च्या सूत्राचीही पडताळणी पुन्हा करता न आल्याने तो लेख २०११ मध्ये मागे घेण्यात आला.

म्हणून ही दिशाच त्याज्य ठरते, असे आम्ही म्हणणार नाही. १४ जनुकांवर आधारलेली एक चाचणी कॅलिफोर्नियातील ४३३ व चीनमधील १००६ रुग्णांत पडताळली गेली. ते निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि धोका अधिक असल्याचे कळणे आणि उपचाराने तो टळणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

रुग्ण असा अहवाल घेऊन आला, तर वैद्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात : सूत्र आधीच निश्चित केलेले होते काय, ते अन्य ठिकाणच्या रुग्णांत इतरांनी पडताळले काय, आणि त्यानुसार उपचार बदलल्याने रुग्णास लाभ झाल्याचे दिसले काय. ईजीएफआरसारख्या जनुकदोषाची तपासणी मात्र याहून वेगळी. ती औषधाची निवड करण्यासाठी असते. हा भेद रुग्णास समजावून सांगावा व कर्करोगतज्ज्ञाच्या सल्ल्याविना उपचार थांबवू नयेत, हेही बजावावे.