यंत्रं दोन, मॅपिंग एकाचंच

कॉकलिअर इम्प्लांट म्हटलं की ‘स्विच ऑन’चा व्हिडिओ आठवतो. यंत्र सुरू होतं, मूल दचकून आईकडे बघतं, आई डोळे पुसते. त्यानंतर महिनोन्‌महिने जे चालतं त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही. एक संगणक, एक वायर आणि “आता? आणि आता?” असं विचारणारी ऑडिओलॉजिस्ट, यात बघण्यासारखं असतं तरी काय! याला मॅपिंग म्हणतात. इम्प्लांटचं ऑपरेशन काही तासांत उरकतं. ऐकू येणं हे मॅपिंगवर ठरतं. आणि एका कानात इम्प्लांट, दुसऱ्यात नेहमीचं श्रवणयंत्र असलेल्या माणसांचं मॅपिंग बहुतेकदा अर्धंच होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा माणसांना ऑडिओलॉजिस्ट ‘बायमोडल’ म्हणतात.

दोन कानांत दोन जातीची यंत्रं कशाला? आतल्या कानातला कॉक्लिया हा शंखासारखा जेमतेम अडीच वेढ्यांचा. त्याच्या तळाशी उंच पट्टीचे आवाज टिपले जातात, टोकाशी खर्जातले. ऐकू येणं कमी व्हायला लागतं ते सहसा तळाकडून. त्यामुळे ठार बहिरा वाटणाऱ्या कानातही खर्जाची थोडी पुंजी शिल्लक असते. इम्प्लांट नेमका तिथेच लंगडा आहे. निरोगी कानात आवाज मेंदूकडे पोचवणाऱ्या आतल्या केशपेशी साधारण 3,500. इम्प्लांटचे इलेक्ट्रोड कंपनीप्रमाणे 12, 16 किंवा 22. ब्लेक विल्सन यांनी 1991 मध्ये मांडलेल्या पद्धतीमुळे एवढ्याशा इलेक्ट्रोडांवर बोलणं समजू लागलं, पण ती पद्धत आवाजाचा ढोबळ चढउतार तेवढा पोचवते. बारीक कंपनं गळून पडतात आणि त्यांच्याबरोबर सूरही जातो.

मराठीत हे लगेच जाणवतं. ‘सात’मधला ‘स’ इम्प्लांट चोख ऐकवतो. पण “तू येणार” आणि “तू येणार?” यांत फरक फक्त सुराचा. नुसत्या इम्प्लांटवर ऐकणाऱ्याला आपल्याला सांगितलं की विचारलं, हेच कळत नाही. पुरुषाच्या आवाजाची मूळ पट्टी 100 ते 120 हर्ट्झची, बाईची 200 च्या आसपास. हा सगळा प्रांत दुसऱ्या कानातल्या श्रवणयंत्राचा. गोंगाटात बोलणं समजणं, आवाजावरून माणूस ओळखणं, गाण्याची चाल लागणं, यासाठी ते हवंच.

माझ्या आत्याच्या उजव्या कानात इम्प्लांट आहे, डाव्यात मशीन. तिच्या मॅपिंगला मी सोबत म्हणून जातो. आधी इम्पिडन्स तपासतात, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडमधून विजेला किती अडथळा होतोय ते. मग एकेका इलेक्ट्रोडवर बीप. “काकू, अगदी बारीक आला तरी सांगा हं.” यावर आत्या, “अगं, माझा कान आधीच वाजतोय, तुझा कुठला आणि माझा कुठला ते कसं सांगू?” कानात सतत गुणगुण असणाऱ्यांची ही खरी अडचण. मग ऑडिओलॉजिस्ट दोन किंवा तीन बीप सोडते आणि मोजायला सांगते. जेमतेम ऐकू येणारी पातळी ही ‘टी’; मोठी पण न बोचणारी पातळी म्हणजे ‘सी’, काही कंपन्यांच्या भाषेत ‘एम’. टी फार वर ठेवली तर पंख्याची घरघर सतत कानात, सी फार खाली ठेवली तर सगळं मिळमिळीत. शेवटी शेजारशेजारचे इलेक्ट्रोड ओळीने वाजवून एखादा जास्त टोचतोय का ते बघतात आणि मग प्रोसेसर, म्हणजे इम्प्लांटचं कानाबाहेरचं यंत्र, चालू करतात.

“आता माझा आवाज कसा वाटतोय?”

“चिरका. बाईचा की बाप्याचा, पत्ता लागत नाही.”

डावं मशीन घातलं. “हां, आता तुझा वाटतोय. पण सगळा डावीकडूनच येतोय.”

खरं काम इथून पुढे. इम्प्लांट आहे तिथेच ठेवून, समोरून नेहमीच्या बोलण्याच्या पातळीचा आवाज देत श्रवणयंत्र थोडं थोडं वर-खाली करत जायचं, आवाज मधोमध येईपर्यंत. मग तेच हळू बोलण्याला, तेच मोठ्याने बोलण्याला, कारण मध्यम आवाजाला जुळलेली दोन यंत्रं मोठ्या आवाजाला फटकून वागू शकतात. मोठा आवाज दाबण्याची दोघांची रीत आणि वेग वेगळा असतो. आम्हाला पहिल्या खेपेला हे करताच आलं नाही. मशीन ज्या दुकानातून घेतलं त्या कंपनीचं सॉफ्टवेअर इम्प्लांटवाल्यांकडे नव्हतं, आणि दुकानदाराने इम्प्लांटबद्दल अवाक्षर न विचारता ते सेट करून दिलं होतं. दोन वादकांनी आपापल्या घरी वाद्यं लावून थेट जुगलबंदीला बसावं, तसला प्रकार.

त्या दुकानदाराने मशीनला बसवला होता उघड्या तोंडाचा रबरी डोम, का तर कान कोंदत नाही. पण उघड्या डोममधून सर्वांत आधी निसटतो तो खर्ज, म्हणजे ज्यासाठी मशीन ठेवलं तोच! अशा कानाला मापाने केलेला घट्ट मोल्ड लागतो. पडद्याजवळ बारीक नळी सरकवून प्रत्यक्ष कानात किती आवाज पोचतो ते मोजताही येतं. ‘रिअल इअर’ चाचणी म्हणून मागितली तर मिळते, न मागता क्वचितच. उंच पट्ट्या वाढवाव्यात की नाही यावर मात्र तज्ज्ञांत एकमत नाही. कॉक्लियाचा तो भाग पार मेलेला असेल तर तिथे आवाज ओतून नुसती खरखर वाढते. जिवंत असेल तर फायदा होतो. दोन्ही करून बघायचं आणि ऐकणाऱ्याला विचारायचं.

वेळेचा घोळ आणखी सूक्ष्म. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला फार तर 0.7 मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. श्रवणयंत्राला आवाज तयार करून द्यायलाच साधारण 5 ते 8 मिलिसेकंद लागतात. काही इम्प्लांट त्याहून बरेच चपळ असतात, काही नसतात. म्हणून काही कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्प्लांटचा आवाज मुद्दाम उशिरा सोडण्याची सोय असते; तिचा फायदा दिशा ओळखण्यात दिसला आहे. अॅडव्हान्स्ड बायोनिक्स आणि फोनाक या दोन्ही कंपन्या सोनोवाच्या असल्यामुळे त्यांची काही यंत्रं जोडीनेच बनतात. पण जुनं चांगलं मशीन केवळ जोडीसाठी टाकून देण्याची घाई नको.

सुरुवातीला बरेच जण श्रवणयंत्र काढून ठेवतात, “नव्या कानाला सवय होऊ दे” म्हणून. रोज थोडा वेळ नुसत्या इम्प्लांटवर ऐकण्याचा सराव जरूर करावा, एरवी दोन्ही असू द्यावीत. पहिले काही महिने एकच सूर दोन कानांत दोन पट्ट्यांचा वाटतो, कारण इलेक्ट्रोडची तार सहसा टोकापर्यंत पोचत नाही. बहुतेकांचा मेंदू हळूहळू जुळवून घेतो. दिवाळी पहाटेला जाणाऱ्यांनी प्रोसेसरमध्ये गाण्यासाठी वेगळा प्रोग्राम करून घ्यावा. गोंगाट कमी करणारी सोय तानपुऱ्यालाही गोंगाट समजू शकते.

मुलांचं प्रकरण वेगळं. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून लहान मुलांना इम्प्लांट मिळतो. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था या कामातली प्रमुख संस्था. तीन-चार वर्षांचं मूल “बारीक” आणि “मोठा” काय सांगणार? आवाज आला की खुंटीवर कडी टाकायची, हा खेळ शिकवून टी काढतात. सीसाठी नसेचा किंवा कानातल्या स्नायूचा प्रतिसाद यंत्राने मोजून अंदाज घेतात. इकडे दुसऱ्या कानाचा मोल्ड वाढत्या वयात काही महिन्यांतच ढिला होतो, मशीन शिट्ट्या मारायला लागतं आणि घरचे ते कपाटात ठेवून देतात. त्यावर डॅनिएल लिंग यांच्या सहा आवाजांची तपासणी हा बिनखर्चाचा उपाय: आ, ई, ऊ, म, श, स. रोज सकाळी तोंड झाकून, मुलाच्या मागून म्हणायचे. आधी फक्त इम्प्लांट, मग फक्त मशीन, मग दोन्ही. रोज मशीनवर ऐकू येणारा ‘म’ आज चुकला तर आधी सेल आणि मोल्ड बघायचा. इम्प्लांटवर ‘स’ दोन-तीन दिवस चुकत राहिला तर मॅपिंगची पुढची तारीख येण्याची वाट न बघता ऑडिओलॉजिस्टला फोन करायचा.